बालवीरांच्या शपथेतील एक शब्द

शाळेच्या पटांगणात 'खरी कमाई'च्या दिवशी गळ्यात स्कार्फ बांधून भेळ, सरबत आणि उकडलेल्या शेंगा विकणारी मुले महाराष्ट्रातील बहुतेक कुटुंबांनी पाहिलेली असतात. व्यापारी घरांत तर या दिवसाचे विशेष कौतुक. घरचा नातू प्रथमच नफा-तोट्याचा हिशेब मांडतो तो याच दिवशी. ही मुले ज्या चळवळीची, ती बालवीर चळवळ इंग्लंडमध्ये उगम पावली. रॉबर्ट बेडन-पॉवेल या सेनाधिकाऱ्याने १९०७ च्या ऑगस्टमध्ये ब्राउनसी नावाच्या छोट्या बेटावर वीसेक मुलांचे शिबिर भरविले. त्यात खानदानी शाळांतील मुलेही होती आणि कामकरी वस्तीतील मुलेही होती. त्या काळच्या इंग्लंडात या दोन वर्गांतील मुलांनी एका तंबूत निजणे ही साधी गोष्ट नव्हती. चळवळीचा पाया भेद विसरण्यावर घातला गेला, एवढे ध्यानात ठेवून पुढील इतिहास पाहिला पाहिजे.

अमेरिकेत ही चळवळ १९१० मध्ये गेली. शिकागोचे प्रकाशक विल्यम बॉइस यांनी ८ फेब्रुवारी १९१० रोजी 'बॉय स्काउट्स ऑफ अमेरिका' ही संस्था नोंदविली आणि १९१६ मध्ये तिला अमेरिकन काँग्रेसची सनद मिळाली. संस्थेची रचना समजून घेतल्याशिवाय पुढचा वाद कळणार नाही. मध्यवर्ती संस्था गणवेश, अभ्यासक्रम, विमा व नियम पुरविते. प्रत्यक्ष पथक मात्र एखादे चर्च, शाळा, क्लब किंवा नागरिक मंडळ चालविते. या मंडळाला मध्यवर्ती संस्थेकडून सनद मिळते, जागा त्याची असते आणि पथकनायकाची निवडही तेच करते. आपल्या व्यवहारातील भाषेत सांगायचे तर नाव आणि माल एका पेढीचा, दुकान व गिऱ्हाईक दुसऱ्याचे. अशा सनदधारकांपैकी सुमारे ७० टक्के धर्मसंस्था होत्या. त्यांतही मॉर्मन म्हणून ओळखला जाणारा पंथ सर्वांत मोठा. त्याने १९१३ पासूनच आपल्या मुलांसाठी ही चळवळ जणू अधिकृत कार्यक्रम म्हणून स्वीकारली होती. ज्याच्याकडे एवढी पथके, त्याचा शब्द कार्यकारिणीत जड असणारच.

अमेरिकन बालवीर जी शपथ घेतो तिच्या अखेरीस शरीराने सशक्त, मनाने जागृत आणि नीतीने सरळ राहण्याचे वचन आहे. ही शब्दयोजना १९११ ची. इंग्रजीतील 'सरळ' या अर्थाच्या त्याच शब्दाला पुढे बोलीभाषेत 'समलिंगी नसलेला' असा अर्थ चिकटला. शपथ लिहिणाऱ्यांच्या स्वप्नातही तो अर्थ नव्हता. तथापि पुढे न्यायालयात संस्थेने आपली बाजू मांडताना शपथेतील याच शब्दाचा आणि नियमावलीतील 'स्वच्छ' या शब्दाचा आधार घेतला, हा शब्दांच्या प्रवासातील एक विलक्षण योग म्हणावा लागेल.

वस्तुतः समलिंगी व्यक्तींसंबंधी लेखी धोरण संस्थेने प्रथम १९७८ मध्ये तयार केले आणि तेही अंतर्गत टिपणाच्या रूपात. सर्वसामान्य पालकांना ते ठाऊक नव्हते. पथकनायकांच्या मार्गदर्शक पुस्तकात तर उलट असे होते की, मुलांनी लैंगिक विषयांवर प्रश्न विचारल्यास नायकाने स्वतः शिकवू नये, आईवडिलांकडे, धर्मगुरूंकडे किंवा वैद्यांकडे पाठवावे.

त्याच १९७८ साली न्यू जर्सी राज्यातील मॉनमथ परगण्यात जेम्स डेल नावाचा आठ वर्षांचा मुलगा छोट्या बालवीरांच्या पथकात दाखल झाला. पुढील दहा वर्षे तो त्या पथकांतच वाढला. १९८८ मध्ये त्याने ईगल स्काउट हा सर्वोच्च दर्जा मिळविला. हा दर्जा मिळविणारी मुले थोडी असतात. त्यासाठी अनेक प्रावीण्यपदके मिळवावी लागतात आणि समाजोपयोगी असे एक मोठे काम स्वतः आखून पार पाडावे लागते. अमेरिकेत नोकरीच्या अर्जावर माणसे साठीतही हा दर्जा लिहितात. वयाच्या अठरा वर्षांनंतर डेल सहायक पथकनायक झाला आणि रटगर्स विद्यापीठात शिकू लागला. तेथे तो समलिंगी विद्यार्थ्यांच्या मंडळाचा सहअध्यक्ष होता. १९९० च्या जुलैमध्ये किशोरवयीन समलिंगी मुलांच्या मानसिक व आरोग्यविषयक गरजांवरील एका परिसंवादास तो गेला. त्याची मुलाखत छायाचित्रासह वृत्तपत्रात आली. त्याच महिन्यात स्थानिक परिषदेचे पत्र त्याच्या घरी आले. सदस्यत्व रद्द! कारण विचारले तेव्हा उत्तर मिळाले, की संस्था समलिंगी व्यक्तींना सदस्य करून घेत नाही. बारा वर्षांत त्याच्या वर्तनाबद्दल एकही तक्रार नव्हती.

डेलने १९९२ मध्ये दावा लावला. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये एकमताने त्याच्या बाजूने निकाल दिला. राज्याचा भेदभावविरोधी कायदा बालवीर संस्थेलाही लागू आहे, असे त्या न्यायालयाचे मत पडले. (कॅलिफोर्नियातील अशाच दाव्यात मात्र तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये बालवीर संस्था हे 'व्यापारी आस्थापन' नाही, म्हणून तो कायदा तिला लागू नाही, असे ठरविले होते. एकाच संस्थेला एका राज्यात एक न्याय व दुसऱ्यात दुसरा.) प्रकरण वॉशिंग्टनला गेले. २८ जून २००० रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी संस्थेच्या बाजूने कौल दिला. सरन्यायाधीश रेंक्विस्ट यांनी लिहिलेल्या निकालाचे सार असे, की समान विचारांच्या माणसांनी एकत्र येऊन आपला विचार मांडणे हा घटनादत्त हक्क आहे. नको असलेला नायक संस्थेवर लादणे म्हणजे तिच्या तोंडी तिचा नसलेला विचार घालणे होय. डेल हा अनुकरणीय बालवीर होता, हे त्याच निकालात नमूद आहे. विरोधी मत लिहिणारे न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी विचारले ते थोडक्यात असे : शपथेत नाही, नियमांत नाही, नायकाला तर या विषयावर बोलण्यासच मनाई, मग हा विचार संस्थेचा आहे, असे मुलांना कधी सांगितले गेले?

कायद्याच्या दृष्टीने रेंक्विस्ट यांचा तर्क पोकळ नव्हता, हे मान्य केले पाहिजे. कोणत्याही धर्मसंस्थेला, मंडळाला वा ज्ञातिसंस्थेला आपले सदस्य निवडण्याचा हक्क नसेल तर तिचे स्वत्व राहणार नाही. आज एका मताच्या संस्थेला मिळालेले संरक्षण उद्या दुसऱ्या मताच्या संस्थेला उपयोगी पडते. पण हक्क असणे ही एक गोष्ट आणि तो बजावणे शहाणपणाचे असणे ही दुसरी. बालवीर संस्थेने दावा जिंकला आणि पत गमाविण्यास आरंभ झाला.

वेल्स फार्गो बँक आणि लिव्हाय स्ट्रॉस ही वस्त्रोद्योगातील कंपनी यांनी १९९० च्या दशकाच्या आरंभीच देणग्या थांबविल्या होत्या. निकालानंतर युनायटेड वे या देणग्या गोळा करून वाटणाऱ्या संस्थेच्या अनेक शाखांनी हात आखडता घेतला. स्वतः ईगल स्काउट असलेले चित्रपट-दिग्दर्शक स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी २००१ मध्ये संस्थेच्या सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला. फिलाडेल्फियात तर जागेचाच वाद उभा राहिला. तेथील परिषदेचे कार्यालय नगरपालिकेच्या जमिनीवर, परंतु परिषदेने स्वखर्चाने बांधलेल्या सुंदर इमारतीत, नाममात्र भाड्याने अनेक दशके चालले होते. धोरण सोडा किंवा वर्षाला दोन लाख डॉलर भाडे द्या, अशी मागणी नगरपालिकेने केली. २०१० मध्ये ज्युरींनी परिषदेच्या बाजूने निर्णय दिला, तरीही अखेर तडजोड होऊन परिषदेने ती इमारत सोडलीच. दाव्यात जिंकलेल्यानेच जागा सोडावी, असा प्रसंग भाडेकरू-मालकांच्या खटल्यांची ज्यांना सवय आहे त्यांनाही क्वचितच दिसतो.

या सर्व काळात सामान्य पालकांच्या मनात जी भीती होती तिच्याविषयी मोकळेपणाने बोलले पाहिजे, कारण ती भीती आपल्याकडेही आहे आणि ती केवळ अडाणीपणातून आलेली नाही. मुलगा रात्री शिबिरात, जंगलात, तंबूत परक्या माणसाच्या हवाली करायचा असतो. तेथे त्याचे रक्षण कसे होणार? समलिंगी नायक म्हणजे धोका, असे समीकरण या भीतीने मांडले. परंतु मुलांवरील अत्याचार ही बाब वेगळी आणि प्रौढाची लैंगिक प्रवृत्ती ही बाब वेगळी, असे बालसंरक्षणाच्या क्षेत्रात काम करणारे दीर्घकाळ सांगत आले आहेत. संस्थेच्या कपाटांनीच त्याची साक्ष दिली. अपात्र ठरविलेल्या स्वयंसेवकांच्या गुप्त फायली संस्था १९२० च्या दशकापासून ठेवीत होती. ऑरेगॉन राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांतील १९६५ ते १९८५ या काळातील बाराशेहून अधिक फायली प्रसिद्ध झाल्या. त्यांतील कित्येक इसम गावातील प्रतिष्ठित : शिक्षक, वैद्य, धर्मोपदेशक. प्रकरण बाहेर आले तर संस्थेची व गावाची अब्रू जाईल म्हणून पोलिसांत न देता त्यांना गुपचूप जाऊ दिल्याच्या कित्येक नोंदी त्यांत आहेत. म्हणजे दारावर पहारा होता तो उघडपणे सांगणाऱ्यावर. लपविणाऱ्याला वाट मोकळी होती. मुलांना खरे संरक्षण मिळाले ते कोणत्याही प्रौढाने एका मुलाबरोबर एकटे राहू नये, शिबिरात किमान दोन प्रौढ असावेत, अशा साध्या नियमांनी; आणि ते नियम प्रत्येकाला लागू आहेत, त्याचे लग्न झालेले असो वा नसो. प्रवृत्ती विचारणाऱ्या धोरणाने एकही मूल वाचले असल्यास त्याचा पुरावा संस्थेने कोठे मांडलेला दिसत नाही.

आणि ज्या मुलांवर या धोरणाचा आघात झाला ती कोण होती? बारा-तेरा वर्षांचा मुलगा पथकात असतानाच त्याला स्वतःविषयी काही उमगू लागते. बालवीराच्या नियमांतील पहिलाच नियम विश्वासपात्र राहण्याचा, म्हणजे खरे बोलण्याचा. खरे बोलला तर बाहेर, खोटे बोलला तर आत. मुलाला शील शिकविणाऱ्या संस्थेने त्याला या पेचात उभे करावे, हे दुर्दैवाचे होते. कॅलिफोर्नियातील एका मुलाने ईगल दर्जासाठी शाळेत फरशांची भिंत उभारली. छळ सोसणाऱ्या मुलांना आधार वाटावा म्हणून त्या फरशांवर विद्यार्थ्यांनी चित्रे काढली होती. काम पूर्ण झाले, सर्व अटी पूर्ण झाल्या, आणि २०१२ मध्ये तो समलिंगी आहे एवढ्यावरून दर्जा नाकारला गेला. त्याच वर्षी ओहायो राज्यात एका लहानग्याच्या पथकाची नायिका असलेल्या आईला ती समलिंगी आहे म्हणून काढून टाकण्यात आले. तिला परत घ्यावे या मागणीसाठी तीन लाखांहून अधिक लोकांनी सह्या केल्या. त्या पथकातील मुलांचे पालकही तिच्या पाठीशी होते. दोन आयांनी वाढविलेला आणि स्वतः ईगल स्काउट असलेला आयोवाचा झॅक वॉल्स या तरुणाने सह्यांची ती चळवळ पुढे नेली. तो पुढे आयोवाच्या विधिमंडळात निवडून गेला. अनेक प्रौढ ईगल स्काउट्सनी आपली जपून ठेवलेली पदके टपालाने मुख्यालयास परत पाठविली. ज्यांनी संस्थेवर प्रेम केले तेच रुष्ट झाले होते, ही गोष्ट बाहेरच्या टीकेपेक्षा फार वेगळी.

२०१२ च्या जुलैमध्ये, अकरा जणांच्या समितीने दोन वर्षे गुप्तपणे विचार केल्यानंतर, संस्थेने जुनेच धोरण कायम असल्याचे जाहीर केले. पण ते फार काळ टिकले नाही. इंटेल, यूपीएस आणि मर्क या कंपन्यांच्या प्रतिष्ठानांनी एकापाठोपाठ एक देणग्या बंद केल्या. संस्थेच्याच राष्ट्रीय मंडळावरील दोन बडे उद्योगपती, एटी अँड टीचे रँडल स्टीफन्सन आणि अर्न्स्ट अँड यंग या लेखापरीक्षण संस्थेचे जेम्स टर्ली यांनी, धोरण आपल्याला मान्य नाही, असे उघडपणे सांगितले. २०१३ च्या जानेवारीत फेरविचार सुरू झाला. २३ मे २०१३ रोजी टेक्सासमधील ग्रेपवाइन येथे सुमारे चौदाशे प्रतिनिधींनी मतदान केले आणि ६१ टक्क्यांहून अधिक मतांनी ठरविले, की केवळ लैंगिक प्रवृत्तीमुळे कोणत्याही मुलाला सदस्यत्व नाकारले जाणार नाही. अंमल १ जानेवारी २०१४ पासून.

प्रौढांवरील बंदी मात्र तशीच राहिली. हा अर्धा निर्णय कोणालाच पटणारा नव्हता. सतरा वर्षे अकरा महिन्यांचा मुलगा ईगल स्काउट म्हणून गौरविला जावा आणि अठराव्या वाढदिवशी तोच मुलगा संस्थेला नकोसा व्हावा, याला तर्क कोणता? मेरीलँडमधील एका मुलाच्या बाबतीत हे प्रत्यक्ष घडले; तो अठरा वर्षांचा झाल्यावर २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या परिषदेने मध्यवर्ती धोरण धुडकावून त्याला उन्हाळी शिबिरात नोकरी दिली. दुसऱ्या बाजूस नाराज झालेल्या ख्रिस्ती पालकांनी 'ट्रेल लाइफ यूएसए' ही स्वतंत्र संघटना काढली.

या सुमारास संस्थेचे अध्यक्षपद रॉबर्ट गेट्स यांच्याकडे आले. हे गृहस्थ सीआयएचे माजी प्रमुख, दोन राष्ट्राध्यक्षांचे संरक्षणमंत्री आणि ईगल स्काउट; त्यांना कोणी उच्छृंखल सुधारक म्हणू शकत नव्हते. सैन्यात समलिंगी सैनिकांना आपली ओळख लपवावी लागे, तो कायदा रद्द झाला तेव्हाही संरक्षणमंत्री तेच होते. २०१५ च्या मे महिन्यात अटलांटा येथील वार्षिक सभेत त्यांनी केलेला युक्तिवाद भावनेचा नव्हता, जोखमीचा होता. परिषदा उघडपणे नियम मोडत आहेत; त्यांची सनद काढून घ्यावी तर लाखो मुले तुटतील; आणि आपण स्वतः बदललो नाही तर एखादे न्यायालय बदलावयास लावील, व तसे झाले तर धर्मसंस्थांना आपल्या श्रद्धेनुसार नायक निवडण्याचा जो हक्क आहे तोही हातचा जाईल, असे त्यांचे म्हणणे. डबघाईस आलेल्या पेढीचा अनुभवी भागीदार जसा हिशेब मांडतो तसाच हा होता. २७ जुलै २०१५ रोजी राष्ट्रीय कार्यकारिणीने ४५ विरुद्ध १२ मतांनी प्रौढांवरील बंदी उठविली. धर्मसंस्थांनी चालविलेल्या पथकांना आपले नायक आपल्या तत्त्वांनुसार निवडण्याची मुभा राखली गेली. त्या मुभेमुळे पहिले मत बहुतेक सनदधारकांनी पचविले, आणि त्याच मुभेमुळे समतावाद्यांना विजय अपुरा वाटला.

मॉर्मन पंथाने या निर्णयाने आपण अत्यंत व्यथित झाल्याचे सांगितले, पण लगेच संबंध तोडले नाहीत. २०१८ मध्ये त्याने निरोप जाहीर केला आणि २०१९ च्या अखेरीस तो बाहेर पडला. जगभरच्या आपल्या मुलांसाठी एकच कार्यक्रम हवा, हे कारण त्याने दिले. चार लाखांहून अधिक मुले एका फटक्यात गेली. पुढे महामारी आली. २०१९ मध्ये १९ लाखांच्या घरात असलेली मुलांची संख्या २०२१ मध्ये आठ लाखांच्याही खाली गेली. समलिंगी मुलांना प्रवेश दिल्यामुळे संस्था बुडाली, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. परंतु सदस्यसंख्या १९७० च्या दशकापासूनच ओसरत होती, आणि संस्थेला खरा दणका बसला तो जुन्या पापाचा. फेब्रुवारी २०२० मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. बालपणी अत्याचार झाल्याचे ८२ हजारांहून अधिक दावे पुढे आले. सुमारे २४६ कोटी डॉलरच्या भरपाईची योजना मान्य होऊन २०२३ च्या एप्रिलमध्ये ती त्यातून बाहेर पडली. स्थानिक परिषदांना यासाठी शिबिरांच्या जमिनी विकाव्या लागल्या. मुलींना प्रवेश देऊन झाला होताच. ८ फेब्रुवारी २०२५ रोजी, स्थापनेला ११५ वर्षे झाली त्या दिवशी, 'स्काउटिंग अमेरिका' हे नवे नाव अमलात आले.

भारतात याच काळात घड्याळाचा काटा पुढे-मागे होत होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये समलिंगी संबंध गुन्हा नाहीत असे म्हटले, ग्रेपवाइनच्या मतदानाला सात महिने होण्यापूर्वीच, डिसेंबर २०१३ मध्ये, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरविला, आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो गुन्ह्याच्या यादीतून काढला. शाळांतील बालवीर पथकांपर्यंत हा प्रश्न अजून कोणी उघडपणे आणलेला दिसत नाही. मुले मात्र येथेही आहेत आणि त्यांची वयेही तीच आहेत.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या भारतीय कुटुंबांतील पुष्कळ मुले या पथकांत जातात. सुट्टीत आजोळी येताना गणवेश घेऊन येतात. त्यांच्या आईवडिलांच्या दृष्टीने आजची व्यवस्था अशी आहे : मुलाला प्रवेश सर्वत्र खुला, नायक कोण असावा हे धर्मसंस्थेच्या पथकात ती संस्था ठरविणार, शाळा वा नागरिक मंडळाच्या पथकात प्रवृत्तीवरून कोणालाही नाकारता येणार नाही. एकाच गावात, एकाच गणवेशात, दोन रस्त्यांच्या अंतरावर ही दोन्ही प्रकारची पथके असू शकतात. म्हणून नाव नोंदविण्यापूर्वी सनद कोणाच्या नावावर आहे, शिबिरात किती प्रौढ बरोबर असतात आणि तक्रार कोणाकडे करावयाची, हे तीन प्रश्न तेथील जाणते पालक पहिल्याच भेटीत विचारून घेतात.